पंडिता रमाबाई : देवाची आज्ञा आणि सरकारचा कायदा

भगिनींनो, देवाचे ऐकावे की सरकारचे, असा पेच तुम्हा-आम्हाला रोज पडत नाही. पण एका बाईंना तो आयुष्यभर पडत गेला, आणि त्यांनी दोन्हीकडची मर्यादा राखली. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. आपल्या मंडळात निरनिराळ्या धर्माच्या भगिनी आहेत, म्हणून मुद्दाम त्यांची हकीगत लिहीत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकविले, म्हणून लोकांनी त्यांना नावे ठेविली. पण त्यांनी आपला हट्ट सोडला नाही. आईने पुढे रमेला शिकविले. दुष्काळात आई, वडील व बहीण गेली. भाऊबहीण पायी फिरत, पुराणे सांगत कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी १८७८ साली रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

१८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. जात वेगळी, त्यामुळे शास्त्राप्रमाणे लग्न लागेना. तेव्हा १८७२ च्या कायद्याने नोंदणी करून लग्न झाले. त्या कायद्यात, आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताही धर्म मानीत नाही, असे नवराबायकोला लिहून द्यावे लागे. पुढे १९५४ च्या कायद्याने ही अट राहिली नाही. दोन वर्षेही संसार झाला नाही तोच पती पटकीने गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडास गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. इकडे फार गहजब झाला. पण गंमत अशी की तेथील धर्मगुरूंचेही सगळे त्यांनी डोळे मिटून ऐकले नाही. मनाला पटल्याशिवाय मान डोलविणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी शारदा सदन काढले. कोणत्याही विधवा मुलीवर धर्माची सक्ती नाही, असे वचन होते. पुढे सदन पुण्यास आले. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेथे काही मुली आपणहून बसू लागल्या. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. वचन मोडले असे त्यांचे म्हणणे. माझ्या खोलीत मी माझी प्रार्थना उघडपणे करणार, असे बाईंचे म्हणणे. दोन्ही बाजू समजून घ्याव्यात असे मला वाटते.

खरी परीक्षा पुढे आली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. उपाशी पोरी कोणाच्या हाती पडतील हे बाईंना ठाऊक होते. त्या स्वतः गेल्या आणि मुली घेऊन आल्या. पण पुण्यात प्लेग. शहरात आणखी मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. चार घरांत लपवाव्या असे एखादीच्या मनात आले असते. बाईंनी तसे केले नाही. मुलींना केडगावच्या आपल्या शेतावर नेले. कायदाही मोडला नाही आणि पोरीही सोडल्या नाहीत.

पण कायदा पाळणे म्हणजे मुकाट बसणे नव्हे. प्लेगच्या रुग्णालयात बायकांची विटंबना होते, आपल्या एका मुलीची राखण झाली नाही, असे त्यांनी १८९७ साली आपल्या नावानिशी वर्तमानपत्रात लिहिले. सरकारने ते नाकारले. त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. तो मार्ग निराळा, बाईंचा निराळा. राज्यकर्ते त्यांच्याच नव्या धर्माचे, तरी त्यांनी भीड धरली नाही.

१८९८ साली केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे दीड हजारांहून अधिक बायकामुली होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सारे त्याच चालवीत. ज्या सरकारला त्यांनी दोष दिला, त्याच सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. मूळ भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेविला.

धर्म कोणता घ्यावा हे मी सांगत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण नियम पाळावा, गैर दिसल्यास लपूनछपून नव्हे तर नाव देऊन बोलावे, आणि पदरी आलेल्याला टाकू नये, एवढे तीन धडे कोणत्याही धर्माच्या बाईला उपयोगी पडतील. चूकभूल पोटात घालावी.