रस्ता मोकळा करणारा वीर : रामा राघोबा राणे

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसावर लिहा, असं कमिटीने सांगितलं, तेव्हा मी लगेच राणे साहेबांचं नाव घेतलं. माझी सगळी नोकरी रस्त्याच्या कामावर झाली. म्हणूनच असेल, पण रस्ता मोकळा करून परमवीरचक्र मिळवणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

रामा राघोबा राणे यांचा जन्म 26 जून 1918 रोजी कारवारजवळच्या चेंडिये गावी झाला. वडील पोलीस शिपाई. 1940 साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले. हीच आपल्या खडकीची बॉम्बे सॅपर्स. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर 1947 मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले.

एप्रिल 1948. काश्मीरच्या लढाईत आपलं सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघालं होतं. वाट डोंगरातली. शत्रूने जागोजागी झाडं आडवी टाकलेली, खाली सुरुंग पेरलेले. रणगाडे पुढे जाणार कसे? हे काम राणे आणि त्यांच्या सॅपर्सकडे आलं.

8 एप्रिलला कामाला हात घातला नाही तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरी ते मागे फिरले नाहीत. गोळीबारात ते रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत पुढे सरकत, सुरुंग दिसला की दोरी ओढून चालकाला थांबायची खूण करत आणि सुरुंग काढला की पुढे चला म्हणून पुन्हा खूण करत. जरा हात चुकला असता तर सगळं संपलंच!

असं चार दिवस चाललं. शेवटच्या दिवशी, 11 एप्रिलला, ते तब्बल 17 तास राबले. त्या दिवशी सैन्य चिंगसला पोहोचलं आणि दुसऱ्याच दिवशी राजौरी मुक्त झाली. तिथले लोक मदतीची वाट बघत होते. रस्ता अडून राहिला असता, तर त्यांच्यापर्यंत पोहोचायला आणखी किती दिवस गेले असते कोण जाणे.

1950 साली त्यांना परमवीरचक्र जाहीर झालं. हा सन्मान बहुतेकांच्या वाट्याला मरणानंतर आला. राणे साहेबांना तो हयातीत मिळाला. 1968 मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 साली पुण्यात वारले. कारवारला त्यांचा पुतळा आहे. अंदमानातल्या एका बेटालाही आता त्यांचं नाव आहे.

शौर्य म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते. आपल्या सोसायटीतल्या मुलांना मी एवढंच सांगेन, की जखमी अंगाने, शांत डोक्याने मागच्यांसाठी वाट करून देणं, हेही शौर्यच. आणि देशाने त्याला सर्वोच्च पदक दिलं आहे.