विश्लेषण : इंदूरच्या होळकरांची ड्यूसेनबर्ग इतकी वेगळी का होती?

जालना जिल्ह्यात अंबडची बारव पाहिलेल्यांना अहिल्यादेवी होळकरांची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याच घराण्याचे अखेरचे सत्ताधीश यशवंतराव (दुसरे) यांचे नाव मोटारप्रेमी घेतात ते मात्र एका गाडीमुळे.

यशवंतरावांचा जन्म १९०८ चा. बावला खून प्रकरणानंतर वडील तुकोजीरावांना गादी सोडावी लागली आणि १९२६ मध्ये, सतराव्या वर्षी ते महाराज झाले. शिक्षण ऑक्सफर्डला, पत्नी कागलच्या संयोगिताराजे. इंदुरातला त्यांचा माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांनी आधुनिक शैलीत उभारला.

मोटारही त्यांना तयार नको होती. अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग एसजेची नुसती चासी आणि इंजिन घेऊन बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. यातला सुपरचार्जर इंजिनात जादा हवा दाबून भरतो, त्यामुळे ताकद वाढते. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा होता; त्या काळी फोर्डचे व्ही-८ इंजिन ८५ अश्वशक्तीचे होते. चासी सर्वांत लांब निवडली, पण आसने दोनच! रंग केशरी-काळा. या हौसेमागे संस्थानचा महसूल होता, हेही खरे.

१९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनी बंद पडली. त्याच वर्षी संयोगिताराजे ऐन तारुण्यात गेल्या. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. यशवंतरावांचे निधन १९६१ मध्ये मुंबईत झाले. माणिकबागेत पुढे केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय आले, तर गाडी अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली.