हकीम अजमल खान : हृदयाच्या औषधातून उरलेले नाव

नवी दिल्ली - दिल्लीचे विख्यात हकीम अजमल खान यांना देश ओळखतो तो प्रामुख्याने स्वातंत्र्यलढ्यातील नेते म्हणून. हृदयरोगतज्ज्ञांना मात्र त्यांचे नाव एका औषधामुळे परिचित आहे. ते औषध म्हणजे अजमलीन.

११ फेब्रुवारी १८६८ रोजी दिल्लीत जन्मलेल्या अजमल खान यांच्या घराण्यात वैद्यकी पिढीजात होती. बल्लीमारान भागातील शरीफ मंझिल ही त्यांची हवेली. काही वर्षे ते रामपूरच्या नवाबांचे वैद्य होते. मुंबई प्रांतात १९१२ साली डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यात वैद्य-हकिमांना स्थान नव्हते. अशा कायद्यांची चाहूल लागताच त्यांनी १९१० मध्येच वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत एकत्र आणले होते. मात्र जुन्या विद्येचा केवळ अभिमान बाळगून ती टिकणार नाही, हेही त्यांनी ओळखले होते. करोल बागेतील त्यांच्या तिबिया महाविद्यालयात आयुर्वेद आणि युनानी शेजारी शेजारी शिकवले जात. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी, चित्तरंजन दास तुरुंगात असल्याने, अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपद हकीमसाहेबांनी भूषविले. जामिया मिलिया इस्लामियाचे ते पहिले कुलपती होते.

वनौषधींची रासायनिक पारख व्हावी, या त्यांच्या इच्छेला जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांच्या रूपाने मार्ग सापडला. महाविद्यालयात संशोधन संस्था सुरू झाली ती १९२८ मध्ये. ती पाहणे हकीमसाहेबांच्या नशिबी नव्हते. २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूर येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले होते.

सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळांतून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि त्याला हकीमसाहेबांचे नाव दिले.

हृदयाचा ठोका विद्युत्लहरीवर चालतो. सोडियमचे कण पेशीत शिरले की लहर पुढे सरकते. ही लय बिघडून ठोके अतिवेगाने पडू लागले, तर दोन ठोक्यांमध्ये हृदय रक्ताने भरण्यास अवधीच उरत नाही. बाहेर पडणारे रक्त घटते, रक्तदाब कोसळतो, मेंदू व मूत्रपिंडांना प्राणवायू अपुरा पडतो. शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून दाब राखू पाहते. पण त्यामुळे थकलेल्या हृदयावरचा भार आणखी वाढतो. हाच हृदयजन्य शॉक. मनाला बसलेल्या धक्क्याशी त्याचा संबंध नाही. अजमलीन सोडियमची वाट अंशतः रोखते, त्यामुळे भरकटलेली लय आवरली जाऊ शकते. प्रमाण चुकले तर तेच औषध लय बिघडवते.

सर्पगंधेची दुसरी वाट मुंबईतून गेली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचे अनुभव मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले आणि रक्तदाबाच्या उपचारांत ते बरीच वर्षे गाजले.

अजमलीनचे आजचे काम वेगळे आहे. १९९२ मध्ये वर्णन झालेल्या ब्रुगाडा विकारात वरवर निरोगी माणसाचे हृदय झोपेतही अचानक थांबू शकते आणि एरवीच्या ईसीजीत दोष लपून राहतो. युरोपात अशा संशयित व्यक्तीला रुग्णालयात, सर्व सज्जता ठेवून, शिरेतून अजमलीन देतात. दोष असल्यास काही मिनिटांत तो आलेखावर उमटतो.