शांता आपटे : उमेदीची नऊ वर्षे

रौप्यमहोत्सव आणि सुवर्णमहोत्सव हे शब्द संस्थांपेक्षा चित्रपटांच्या जाहिरातींतूनच आपल्या कानांवर अधिक वेळा पडलेले आहेत. पंचवीस आठवडे चालला तो रौप्यमहोत्सवी, पन्नास आठवडे चालला तो सुवर्णमहोत्सवी, असा तेथील हिशेब. भनपुरीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत, चार ठिकाणांहून आलेल्या मराठी कुटुंबांनी चालविलेल्या मंडळाचे महोत्सव आठवड्यांवर नव्हे, वर्षांवर मोजले जातात, ही गोष्ट अलाहिदा. आमचे लक्ष या शब्दांकडे जाण्याचे कारण असे की, बोलपटांच्या जमान्यात पंचवीस आठवड्यांचा पल्ला प्रथम गाठल्याचा मान ज्या चित्रपटाला दिला जातो, तो मराठी आणि हिंदी असा दोन्ही भाषांत निघालेला ‘श्यामसुंदर’. पुण्याच्या सरस्वती सिनेटोनचा हा चित्रपट १९३२ साली मुंबईच्या वेस्ट एंड चित्रगृहात लागला. दिग्दर्शन भालजी पेंढारकर यांचे, कृष्ण झाले होते शाहू मोडक, आणि राधा झाली होती सोळा वर्षांची एक नवखी मुलगी, शांता आपटे.

शांताबाईंचा जन्म १९१६ साली दुधनी येथे झाला. सोलापूर जिल्ह्यातील, कानडी मुलखाला लागून असलेले हे रेल्वेस्थानक. वडील स्टेशनमास्तर होते आणि त्यांना गाण्याचे वेड होते. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे रेल्वेच्या चाकरीपायीच महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून या प्रांती आले. रूळांच्या कडेला वाढणाऱ्या घरात एखादी पेटी, एखादा तबला कसा जपला जातो, हे त्या कुटुंबांना निराळे सांगावयास नको. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात शांताबाईंना गाण्याची तालीम मिळाली. पुढे बिऱ्हाड पुण्यास आले आणि गणेशोत्सवात या मुलीचे गाणे होऊ लागले. थोरले बंधू बाबूराव यांनी तिच्या शिक्षणाची आणि नंतर व्यवसायाचीही सूत्रे आपल्या हाती ठेवली. त्यांची शिस्त कडक होती.

त्या काळी चित्रपटात गाणे म्हणजे काय होते, हे आज लक्षात येणे कठीण आहे. गाणे आधी मुद्रित करून ठेवावे आणि चित्रीकरणाच्या वेळी नुसते ओठ हलवावे, ही सोय १९३५ च्या सुमारास आली. ‘श्यामसुंदर’च्या वेळी गाणे आणि अभिनय ही दोन्ही कामे एकाच दमात करावी लागत. वादक कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसत. ध्वनिग्राहकापासून तोंड फार वळविता येत नसे आणि एक स्वर चुकला तरी सारे पुन्हा करावे लागे. गळा तयार आहे, पण चेहरा दगडी आहे, असे पुष्कळ कलावंत त्या वर्षांत पडद्यावर आले आणि गेले. शांताबाई टिकल्या, त्या गाताना डोळे, हात, मान यांना मोकळे सोडण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते म्हणून, असे आम्हांस वाटते. बैठकीत बसून गाणाऱ्या गायिकेची अचल मुद्रा त्यांनी पडद्यावर आणली नाही.

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. १९३४ चा ‘अमृतमंथन’ हा पुण्याच्या नव्या स्टुडिओतील चित्रपट. त्यात शांताबाईंना नायकाच्या बहिणीची भूमिका मिळाली. शांतारामबापू दिग्दर्शक आणि केशवराव भोळे संगीतकार. चंद्रमोहन यांच्या डोळ्यांची भीती त्या चित्रपटाने घरोघर पोहोचविली, आणि शांताबाईंची गाणीही. ‘अमरज्योती’त (१९३६) दुर्गा खोटे यांच्यासारख्या प्रौढ अभिनेत्रीसमोर त्यांनी राजकन्या उभी केली, संगीत होते मास्टर कृष्णरावांचे. प्रभात आपल्या अनेक कथा मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत चित्रित करीत असे, म्हणून मध्यप्रांतासारख्या मिश्रभाषी मुलखातही हा आवाज मराठी घरांपुरता राहिला नाही.

मग १९३७ साली ‘कुंकू’ आला. हिंदीत त्याचेच नाव ‘दुनिया न माने’. कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. अनाथ नीरेला तिचा मामा फसवून एका वृद्ध, विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. सारडा कायद्याने १९२९ साली मुलीच्या विवाहाला चौदा वर्षांची खालची मर्यादा घातली होती; वराच्या वयाला वरची मर्यादा मात्र कोणीच घातली नव्हती. नीरा त्या घरात राहते, राबते, परंतु त्या पुरुषाला पती म्हणून स्वीकारीत नाही. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती चोपून काढते. वकील झालेले केशवराव दाते आणि समाजसेविका झालेल्या शकुंतला परांजपे यांच्यासमोर एकवीस वर्षांच्या शांताबाई तसूभरही उण्या पडत नाहीत. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज एवढेच कानी येतात. त्या शांततेत गाण्याला उसनी साथ मिळत नाही, गळ्यालाच सर्व भार उचलावा लागतो. लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही त्यांनी यात गायिली. आम्ही ‘कुंकू’ प्रथम पाहिला तो दूरदर्शनवर, तो निघून गेल्याला अर्धशतक लोटल्यानंतर. तरीही नीरेचा नकार जुना वाटला नाही. प्रभातच्या सर्व नायिकांत आम्ही या भूमिकेला पहिला क्रमांक देतो; ज्यांना ‘माणूस’ची मैना अधिक प्रिय आहे, त्यांच्याशी वाद घालण्याची आमची तयारी आहे.

‘गोपाल कृष्ण’ (१९३८) मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या. कृष्ण होते बालवयातील राम मराठे. लोकप्रियता शिगेला पोहोचली होती. पण लोकप्रियता ही नटीची, आणि नटी ही कंपनीची, अशी त्या वेळची रीत होती. प्रभातमध्ये नटनट्या मासिक पगारावर, करारबद्ध असत. कोणती भूमिका घ्यावयाची, केव्हा बाहेर काम करावयाचे, याचा निर्णय करारात बांधलेला असे.

१९३९ च्या जुलै महिन्यात वेतन आणि कराराच्या अटी यांवरून शांताबाईंचा कंपनीशी वाद पेटला. त्यांनी कज्जा न करता प्रभातच्या फाटकाशीच उपोषण आरंभिले. रात्रही तेथेच काढली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राजकोट येथे गांधीजींचे उपोषण झाले होते. ते शस्त्र सर्वांच्या परिचयाचे होते. परंतु एका तेवीस वर्षांच्या नटीने ते आपल्या मालकांवर उगारावे, हे पुण्याला नवे होते. कित्येकांनी तो थिल्लरपणा मानला, वर्तमानपत्रांनी चवीने छापला. उपोषण फार काळ चालले नाही. शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या.

आमची हयात सरकारी फायलींत गेल्यामुळे असेल, आम्हांस या प्रसंगाची दुसरी बाजू अधिक खुपते. वेतन अदायगीचा कायदा १९३६ मध्ये झाला होता, पण तो मुख्यतः कारखाने आणि रेल्वे यांतील, दरमहा दोनशे रुपयांखालील कामगारांसाठी. स्टेशनमास्तरांच्या या मुलीला त्याचे छत्र नव्हते. चित्रपटातील कामगाराशी लेखी करार केलाच पाहिजे, असा कायदा संसदेने केला तो १९८१ साली, म्हणजे त्या उपोषणानंतर बेचाळीस वर्षांनी. फाटकावर बसण्यावाचून तिला दुसरे कोणते दार उघडे होते, हे तिच्यावर हसणाऱ्यांनी सांगितले नाही. मालकांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. ज्या शिस्तीवर प्रभातचे चित्रपट उभे राहिले, त्याच शिस्तीचा हा करार एक भाग होता. तरीही शिस्तीचा लाभ कोणाला किती झाला, हा प्रश्न उरतोच.

पुढल्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नटीने लिहिले म्हणून त्यात प्रेमप्रकरणे शोधणाऱ्यांची निराशा झाली असणार. या धंद्यात भांडवल कोणाचे, श्रम कोणाचे, शरीर आणि मन कसे थकते, आणि या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलीने आधी काय जाणून घ्यावे, याची ती चिकित्सा आहे. नटीला त्यांनी श्रम करणारी स्त्री म्हणून पाहिले. मराठीत असे पुस्तक त्यापूर्वी झाले नव्हते, आणि नंतरही फार झाली नाहीत. ग्रंथालयांच्या कपाटांत ते कित्येक वर्षे पडून राहिले. अलीकडे चित्रपटाच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली आहे.

प्रभात सुटल्यावर त्यांनी जे पाऊल टाकले, ते आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. १९४१ मध्ये मद्रासकडच्या ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्यांनी सावित्रीची भूमिका केली. दिग्दर्शक वाय. व्ही. राव. नारदाच्या वेषात होत्या साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी. अशा गायिकेच्या शेजारी, परक्या भाषेत उभे राहावयाचे, म्हणून शांताबाई तमिळ शिकल्या. आपल्या मुलांनी छत्तीसगढी सहज उचलली, त्यांचे वय कोवळे होते. पंचविशीला आल्यावर, नाव झालेले असताना, नव्या भाषेची मुळाक्षरे गिरविणे निराळे.

त्यानंतरही त्यांनी मुंबईत पुष्कळ चित्रपट केले, परंतु ‘कुंकू’सारखी भूमिका पुन्हा लाभली नाही. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी चार वर्षे, १९६० साली, प्रभातच्या त्याच आवारात केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती.