चैत्यभूमी उभी करणारे भैयासाहेब

दरवर्षी सहा डिसेंबरला आपल्या चऱ्होलीतली मंडळी दादरला जातात. पिंपरीला गाडी पकडायची, दादरला उतरायचं, रांगेत उभं राहायचं आणि चैत्यभूमीवर माथा टेकून परत यायचं. एकदा रांगेत एका पोरानं विचारलं, की हा स्तूप सरकारनं बांधला का? आम्ही मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. म्हणून या स्मरणिकेत भैयासाहेबांविषयी लिहायचं ठरवलं.

भैयासाहेब म्हणजे यशवंत भीमराव आंबेडकर. जन्म १२ डिसेंबर १९१२. ते सात महिन्यांचे असताना, १९१३ साली, बाबासाहेब शिकायला अमेरिकेला गेले, ते १९१७ साली परतले. रमाईच्या पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली. राहिले एकटे यशवंत. १९३५ साली रमाईही गेल्या. बाबासाहेब तर साऱ्या समाजाचे बाप झालेले. त्यांच्या सावलीत वाढणं सोपं नव्हतं, हे आम्हा संसारी माणसांना समजण्यासारखं आहे.

भैयासाहेबांनी भारत भूषण छापखाना सांभाळला, ‘जनता’ आणि पुढं ‘प्रबुद्ध भारत’ या पत्रांचं काम पाहिलं. १९५३ साली मीराताईंशी त्यांचं लग्न झालं.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी लाखोंच्या साक्षीनं बौद्ध पद्धतीनं अंत्यसंस्कार झाले आणि भैयासाहेबांनी अग्नी दिला. बाबासाहेब १९५५ साली स्थापन झालेल्या भारतीय बौद्ध महासभेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या मागं ती धुरा भैयासाहेबांच्या खांद्यावर आली.

आपल्या जवळच्या देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तिथं त्यांच्या हातची खूण आहे. पण जिथं त्यांचा देह विसावला, तिथं त्यांना शोभेल असं स्मारक हवं, ही ओढ भैयासाहेबांना लागली. साठच्या दशकात त्यांनी बाबासाहेबांच्या जन्मगावाहून, महूहून, मुंबईपर्यंत भीमज्योत काढली. गावोगावी लोक जमले. हातावर पोट असलेल्यांनी जमेल तसा निधी दिला. त्यातूनच स्तूप उभा राहिला.

५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते चैत्यभूमीचं उद्घाटन झालं. महासभेच्या पहिल्या अध्यक्षांचं स्मारक त्यांच्या सुनेच्या हातून लोकांना अर्पण झालं, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. दुसऱ्या दिवशी पंधरावा महापरिनिर्वाण दिन होता.

त्यानंतर भैयासाहेबांना सहा वर्षंही मिळाली नाहीत. १७ सप्टेंबर १९७७ ला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते गेले. पुढं महासभेचं अध्यक्षपद मीराताईंनी सांभाळलं.

आपलं विहारही कुणी बांधून दिलेलं नाही. कुणी वर्गणी दिली, कुणी सुट्टीच्या दिवशी घमेली उचलली. म्हणून चैत्यभूमीची गोष्ट ही आपलीच गोष्ट आहे. येत्या सहा डिसेंबरला रांगेत लेकरांनी विचारलं, तर गप्प राहू नका. हे तुमच्या आजी-आजोबांसारख्या माणसांच्या पैशातून झालं, आणि त्यासाठी भैयासाहेब गावोगाव फिरले, एवढं तरी सांगा.

भैयासाहेबांच्या स्मृतीस आम्हा सर्वांचं विनम्र अभिवादन. जयभीम! नमो बुद्धाय!