कुंचला हाती घेतलेला सत्यशोधक : भाई माधवराव बागल



१४ एप्रिलला आपण बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो. पण बाबासाहेब हयात असतानाच भर चौकात त्यांचा पुतळा बसवावा, असं कुणाच्या मनात आलं असेल? ते कोल्हापूरच्या एका चित्रकाराच्या मनात आलं. त्यांचं नाव भाई माधवराव खंडेराव बागल. जन्माने ते आपल्या समाजातले नव्हते, पण विचाराने आपलेच होते.

माधवरावांचा जन्म १८९५ सालचा. वडील खंडेराव वकील होते, 'हंटर' नावाचं पत्र चालवायचे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपल्या पुण्यात सत्यशोधक समाज काढला. तो विचार राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात रुजला आणि बागलांच्या घरातही आला. माधवराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला आणि मूर्तिकाम शिकले. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या गावचा हा कलावंत. झाडं, पाणी, ऊन-सावली रंगवण्यात त्यांचा जीव रमायचा. 'कोल्हापूरचे कलावंत' हे पुस्तक लिहून त्यांनी आपल्या गावच्या कलावंतांची आठवण जपली.

नुसती चित्रं काढून सुखाने जगता आलं असतं. पण निसर्ग डोळे भरून पाहणाऱ्या माणसाला शेतकऱ्याचं हलाखीचं जिणं आणि अस्पृश्याला देवळाबाहेर उभं करणारी रीतही दिसत होती. ती पाहून त्यांना गप्प बसवेना. सत्यशोधक चळवळीत ते पुढे आले. अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी झटले. १९३९ साली संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी प्रजा परिषद उभी राहिली, त्यात ते अग्रभागी होते. तुरुंगवासही सोसला.

९ डिसेंबर १९५० रोजी त्यांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसले. गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी! तेव्हा बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री होते. धम्मदीक्षेला अजून सहा वर्षं होती. माणूस गेल्यावर त्याचे गोडवे सगळेच गातात, पण तो लढत असताना त्याच्या बाजूने उभं राहायला हिंमत लागते. सभा-मोर्चांच्या त्या चौकात येणाऱ्या-जाणाऱ्या सवर्णालाही बाबासाहेबांकडे मान वर करून बघावं लागलं. मूर्तीची ताकद काय असते, हे मूर्तिकाम शिकलेल्या माधवरावांना नक्कीच ठाऊक असणार.

१९७२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ६ मार्च १९८६ रोजी ते गेले.

आपल्या जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. ती काही नवस बोलायला नव्हे, तर शील आणि प्रज्ञेची आठवण राहावी म्हणून. पुतळ्याचंही तसंच आहे. हार दुसऱ्या दिवशी सुकतो, विचार मात्र घरी न्यायचा असतो. आपल्या मुलाबाळांपैकी कुणी चित्र काढत बसलं, तर त्याला रागावू नका. त्याला पुस्तकाबरोबर रंगही घेऊन द्या आणि माधवराव बागलांची गोष्ट सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!