मीरा मुखर्जी : बस्तरच्या घडव्यांची शिष्या

रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर कोंडागाव लागते. बस्तरच्या या परिसरातील घडवा समाजाचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या मेणाच्या साहाय्याने पितळी मूर्ती ओतत आले आहेत. ढोकरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ओतकामाला आधुनिक भारतीय शिल्पकलेत मानाचे स्थान मिळवून देण्यात शिल्पकार मीरा मुखर्जी यांचा मोठा वाटा आहे.

त्यांचा जन्म १९२३ मध्ये कोलकाता येथे झाला. कोलकाता व दिल्ली येथील कलाशिक्षणानंतर १९५३ मध्ये त्या जर्मनीतील म्युनिकच्या कला अकादमीत दाखल झाल्या. तेथेच त्या चित्रकलेकडून शिल्पकलेकडे वळल्या. १९५६ च्या सुमारास मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ शाळेत अध्यापन केले. मात्र, युरोपीय शैलीत काम करीत राहणे त्यांना मान्य नव्हते. साठच्या दशकाच्या प्रारंभी भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण संस्थेसाठी पारंपरिक धातुकामाचा अभ्यास करताना त्या बस्तरच्या कारागिरांपर्यंत पोहोचल्या. त्या वेळी मध्य प्रदेशात असलेला हा प्रदेश २००० पासून छत्तीसगडमध्ये आहे.

घडवा कारागीर प्रथम मातीचा गाभा तयार करतात. त्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून आकृती व नक्षी साकारतात आणि वरून मातीचे थर देतात. साचा भट्टीत तापवला की मेण वितळून जाते व त्या पोकळीत पितळेचा रस भरला जातो. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावा लागत असल्याने प्रत्येक मूर्ती एकमेव ठरते.

परदेशी अकादमीत शिकलेल्या मुखर्जी यांनी या कारागिरांचे शिष्यत्व पत्करले. पुढे हेच तंत्र त्यांनी भव्य शिल्पांसाठी वापरले. अनेक भाग स्वतंत्रपणे ओतून जोडलेले त्यांचे सम्राट अशोकाचे शिल्प नवी दिल्लीतील एका हॉटेलच्या आवारात उभारण्यात आले. कोळी, विणकर, मजूर आणि बाऊल गायक हे त्यांच्या शिल्पांचे आवडते विषय होते.

१९६८ मध्ये धातुकामातील कुशल कारागीर म्हणून त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. देशभरातील धातुकारागिरांवरील त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

हस्तकला आणि ललितकला यांच्यात मानली जाणारी उच्चनीचता त्यांनी आपल्या कामातून नाकारली. घडव्यांकडे केवळ अभ्यासाचा विषय म्हणून न पाहता त्यांना गुरुस्थानी मानणे, हे त्यांच्या कलाजीवनाचे खरे वैशिष्ट्य ठरले.